कार्यालयातली कोंदट हवा

प्रश्न : नूतनीकरणानंतर आमचे पुण्यातील कार्यालय पूर्ण वातानुकूलित झाले. तेव्हापासून दुपारी डोके जड होते, डोळे चुरचुरतात. घरी गेल्यावर मात्र बरे वाटते. हा मनाचा खेळ आहे का?

उत्तर : मुळीच नाही. इमारतीबाहेर पडताच त्रास ओसरणे हीच यातली महत्त्वाची खूण असून, अशा तक्रारींना ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ म्हणतात. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. त्यामुळे बाहेर साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असलेला कार्बन डायऑक्साइड दारे-खिडक्या लावलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत १००० पीपीएमच्या वर सहज जातो आणि सुस्ती येते. त्यातच नव्या प्लायवूडमधील चिकटद्रव्यातून फॉर्माल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू महिनोन्महिने बाहेर पडत असतो. डोळ्यांची चुरचुर बहुधा त्याचीच. (त्यावर सुगंधी फवारा मारणे म्हणजे आगीतून फुफाट्यात!) जेवणाच्या सुट्टीत समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, एसीची जाळी नियमित धुवावी आणि बाहेरची हवा आत घेणारा पंखा बसवण्याचा आग्रह व्यवस्थापनाकडे धरावा. धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवणे लांबवू नये.