दहा मिनिटांची चाचणी आणि एका सेकंदाचं मोजमाप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल लूमच्या एन्कोडरचं (फिरण्याचे पल्स देणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग उबुंटूवाला मिनी पीसी दर १ मिलिसेकंदाला घेतो आणि मधूनच पल्स हुकतो. पण मशीनवर ताण देऊन बघणाऱ्या 'स्ट्रेस-एनजी'चा सायक्लिक स्ट्रेसर (झोपेतून जागं व्हायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) १० मिनिटं चालवला तर कमाल लेटन्सी, म्हणजे तो उशीर, ४५ मायक्रोसेकंदच येते. मग पल्स जातात कुठे?

त्या ४५ वर विसंबू नका. सायक्लिक डीफॉल्टने फक्त पहिली १०,००० सॅम्पल मोजतो आणि दोन सॅम्पलमधली झोप असते १,००,००० नॅनोसेकंदांची. गुणाकार करा, जेमतेम १ सेकंद होतो. पुढची जवळजवळ सगळी १० मिनिटं मशीन नुसतं राबलं, आकड्यात त्यातलं काहीच आलं नाही. शिवाय सोबत लावलेला लोड त्या पहिल्या सेकंदात धड सुरूही झालेला नसतो.

म्हणून दोन टर्मिनल घ्या. पहिल्यात स्ट्रेस-एनजीचा नुसता लोड लावा: एचडीडी (डिस्कवरचा ताण) १, व्हीएम (मेमरीवरचा ताण) २, व्हीएम-बाइट्स ६० टक्के, वेळ १५ मिनिटं. व्हीएमला ९० टक्के देऊ नका. मेमरी संपून मशीन स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या मेमरीत) गेलं की चाचणी भलत्याच गोष्टीची होते. अर्धा मिनिट जाऊ द्या, मग दुसऱ्यात सुडो (अ‍ॅडमिन अधिकार) लावून सायक्लिक १ चालवा: सायक्लिक-पॉलिसी फिफो, सायक्लिक-स्लीप १०,००,०००, सायक्लिक-सॅम्पल्स ६,००,०००, सायक्लिक-डिस्ट १०,००० आणि टाइमआउट ११ मिनिटं. झोप १ मिलिसेकंदाची, म्हणजे तुमच्या लूपइतकीच. ६ लाख सॅम्पलना १० मिनिटांहून थोडं जास्त लागतं. डिस्टमुळे १०-१० मायक्रोसेकंदांच्या कप्प्यांत वाटणी छापून येते. सुडो राहिला तर रिअल-टाइम शेड्युलिंगची परवानगी मिळत नाही. आणि हे सगळं लूम बंद असताना करा.

सरासरीकडे बघायचंच नाही. ९९.९९ टक्क्यांचा आकडा (इतकी सॅम्पल ज्याच्या आत येतात तो) छान दिसला तरी ६ लाखांतली ६० सॅम्पल त्याच्याही पलीकडे असतात, आणि तुमचे हुकलेले पल्स तिथेच सापडतील. बघायचं ते कमाल आणि वाटणीची शेपटी.

आता खरी मेख. सायक्लिक इथे फिफो पॉलिसीवर, म्हणजे साध्या प्रोग्रामांच्या आधी सीपीयू मिळवून देणाऱ्या रिअल-टाइम नियमावर धावतो. तुमचा प्रोग्राम साध्या पॉलिसीवर असेल तर हा आकडा त्याचा नव्हेच. साध्या थ्रेडला डीफॉल्ट टायमर स्लॅकच (जागं करायला मुद्दाम ठेवलेली सैल मुदत) ५० मायक्रोसेकंदांचा असतो, वर सीपीयूसाठी बाकीच्यांबरोबर रांगेत उभं राहणं आलं. प्रोग्राम सीएचआरटी कमांडने फिफो, प्राधान्य ८० वर चालवा, कोडमध्ये एम-लॉक-ऑल (प्रोग्रामची मेमरी रॅममध्येच धरून ठेवणारा कॉल) घाला, आणि मोजतानाही सायक्लिक-प्रायो ८० ठेवा. माझ्या मते निम्मं दुखणं इथेच संपेल.

तरीही शेपटी लांब राहिली तर कर्नल बदलण्याआधी एचडब्ल्यू-लॅट-डिटेक्ट (हार्डवेअरमुळे होणारा उशीर शोधणारं टूल) चालवा. बायोस एसएमआय (सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट) लावून सीपीयू परस्पर पळवत असेल तर लिनक्सला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि रिअल-टाइम कर्नल टाकूनही फरक पडत नाही. तिथे बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट बंद करून बघावा लागतो. हे साफ निघालं तरच प्रीएम्प्ट-आरटीकडे, म्हणजे त्या रिअल-टाइम कर्नलकडे वळा. २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ पासून ते मूळ कर्नलमध्येच आहे.

सायक्लिकटेस्ट या लेटन्सी मोजणाऱ्या वेगळ्या टूलशी आकडे ताडणार असाल तर एक ध्यानात ठेवा: तो सीपीयूला खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेत) जाऊच देत नाही, त्यामुळे त्याचे आकडे जरा गोड येतात.

ऑफिसात एसीखाली मोजू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, त्यात पंख्याच्या जाळीत सुताचा फुफाटा. सीपीयू तापून क्लॉक (वेग) उतरवतो आणि लेटन्सी वाढते. जाळी झाडून दुपारी दोन-तीनच्या सुमारास शेडमध्येच चाचणी घ्या, शेजारी सेन्सर्स कमांडने तापमान बघत राहा, आणि वाटणीचा पूर्ण आउटपुट इथे टाका.