वेशीवरच्या दगडात रणगाड्यांचा आकडा कोरायच्या आधी

निपाणीकडच्या ज्या मित्रांनी काल विचारलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यांचे आजोबा पासष्टच्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत रणगाडा रेजिमेंटमध्ये. घरात सांगतात ११ रणगाडे गेले, एका पुस्तकात ६, नेटवर १७. वेशीवरच्या स्मारकात कुठला कोरायचा? वाचून हसू आलं, मग पोटात कालवलं. बारा वर्षांपूर्वी मी हेच करून बसलोय. तुम्ही कोरणार आहात, मी छापलं होतं.

आधीच सांगतो, मी फौजी नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. काका ईएमईत (फौजेची यंत्रदुरुस्तीची शाखा) रिकव्हरीला होते, म्हणजे लढाईत बंद पडलेले, फुटलेले रणगाडे ओढून आणायचं काम. त्यांची खिशातली डायरी माझ्याकडे आली आणि हा नाद लागला. चुकत असेन तर जाणकारांनी दुरुस्त करावं. डिस्चार्ज बुक, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक अशी. तीन कागद जमवले. रेजिमेंटच्या डायरीचा उतारा, ब्रिगेडचा रोजचा अहवाल आणि काकांची डायरी. तिन्हींत त्या चार दिवसांच्या नोंदी होत्या. मी ओळी मोजल्या, बेरीज ११ आली आणि मंडळाच्या स्मरणिकेत 'अकरा रणगाड्यांचं बलिदान' असा मथळा दिला. गणपतीत एक रिटायर्ड सुभेदार घरी आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "बाळ, तीन रणगाड्यांना तू अकरा वेळा मारलास."

खरंच होतं ते. पहिला रणगाडा सकाळी ट्रॅक तुटून बसला, रेजिमेंटने 'लॉस' लिहिला. रात्री काकांच्या टोळीने ओढला, त्यांच्याकडे नोंद. ब्रिगेडकडे संध्याकाळचा आकडा आधीच गेलेला, त्यात तोच रणगाडा. तिसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन परत गेला, पुन्हा गोळा लागला, पुन्हा नोंद. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एकाच ट्रॉलीच्या फडातल्या, गेटवरच्या आणि काट्यावरच्या पावत्या घेऊन मी तीन ट्रॉल्या ऊस मोजला. असा हिशेब कारखान्याला दाखवला असता तर चेअरमनने उभं केलं नसतं.

म्हणून माझं ठाम मत, ओळी मोजू नका, रणगाडे मोजा. प्रत्येक गाडीला बीए नंबर, म्हणजे फौजेचा नोंदणी क्रमांक असतो. ज्या नोंदीत नंबर नाही ती पेन्सिलने लिहा आणि बेरजेत घेऊ नका.

दुसरं, 'लॉस' हा शब्द फार फसवा आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्याचे एक्स, वाय, झेड असे भाग पाडले होते. एक्स म्हणजे दिवसभरात जागेवर दुरुस्त होईल असा, वाय म्हणजे त्याहून मोठं काम, झेड म्हणजे संपला. तिन्हींची बेरीज 'गेले' म्हणून छापली की आकडा फुगतो, नुसता झेड छापला की आटतो. दोन्ही लेखक खरं बोलत असतात. पासष्टच्याच लढाईतल्या लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात त्यांच्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटने शत्रूचे अंदाजे ६० रणगाडे नष्ट केले आणि आपली फक्त ९ रणगाड्यांची 'कॅज्युअल्टी' झाली असं आहे. त्यातला 'अंदाजे' वाचा आणि 'कॅज्युअल्टी' पण वाचा. त्या नऊपैकी किती पुन्हा चालले ते मानपत्र सांगत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

शत्रूच्या आकड्यांचं तर विचारूच नका. १९६५ साठी आपल्या बाजूने पाकिस्तानचे ४७१ रणगाडे मारल्याचं सांगितलं जातं, त्यांच्याकडून कबुली १६५ची म्हणून छापली जाते. यात नुसती लबाडी नसते. रणगाडा पेटेपर्यंत त्याच्यावर मारत राहतात, कारण न पेटलेला रात्री ओढून नेला जातो. जळालेल्याचं पोलाद कामातून जातं. मग समोरच्या रणगाड्याने मारला, बाजूच्या रणगाडाविरोधी आरसीएल तोफेने मारला, वरून विमानाने मारला. तिघेही शपथेवर सांगतात 'माझा', आणि तिघांच्याही गोळ्याची भोकं त्यात असतात.

पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळची पासष्टची लढाई घ्या. कालवा फोडून रानात पाणी सोडलेलं, उभा ऊस, त्यात आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनसमोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले. किती फुटले, किती रुतले म्हणून क्रूने सोडून दिले? चिकोडी-अथणीच्या काळ्या रानात पावसात ट्रॅक्टर घातलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो. तिथला ९७चा आकडा बराचसा टिकतो, कारण मैदान आपल्या हातात राहिलं आणि लोखंड समोर उभं होतं.

मैदान कोणाकडे राहिलं हे तारखेपेक्षा महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धात १२ जुलै १९४३ला रशियातल्या प्रोखोरोवकाला रशियनांनी शेकडो जर्मन रणगाडे मारल्याचं सांगितलं, जर्मन कागदांत त्या दिवशी कायमचे गेलेले बोटांवर मोजण्याइतके. त्यानंतरचे काही दिवस रान जर्मनांकडे होतं, ते स्वतःचे रणगाडे ओढून नेत होते. पण महिन्याभरात माघार आली तेव्हा दुरुस्तीला पडलेल्यांचं काय झालं असेल? ते नुकसान मग ऑगस्टच्या खात्यात पडतं, लढाई मात्र जुलैची. तुमच्या आजोबांच्या रेजिमेंटचं फक्त त्या तारखेचं पान बघू नका, पुढच्या महिन्याभराची बघा.

आता हे कागद सांभाळणारं सरकारी कार्यालय. नाव घेत नाही, घेऊन फायदाही नाही. वॉर डायरी, म्हणजे पलटणीची लढाईतली रोजची नोंदवही, बघायला मिळावी म्हणून अर्ज केला, चौदा महिन्यांनी उत्तर आलं, 'फाइल क्रमांक कळवा'. फाइल क्रमांक ज्या यादीत असतो ती यादी त्यांच्याकडेच. यादी मागितली तर 'यादी देता येत नाही, क्रमांक दिल्यास विचार करू'. दोनदा गेलो. एकदा साहेब रजेवर, एकदा कपाटाची किल्ली रजेवर. शेवटी एक टाइप केलेलं पान मिळालं, 'रणगाडे लॉस ७', ना दिवस, ना वेळ, ना नंबर. त्या सातावर मी दीड वर्ष घालवलं. बीपीची गोळी तेव्हापासून सुरू आहे, हे वेगळं.

जून २०२१ला संरक्षण मंत्रालयाने धोरण आणलं, त्यानुसार वॉर डायऱ्या इतिहास विभागाकडे जायच्या आणि साधारण २५ वर्षांनी खुल्या व्हायच्या. अर्जात त्याचा उल्लेख करा. अर्ज इंग्रजीत द्या, पोच घ्या. भाषेवरून खिडकीत वाद घालू नका, त्याला आपल्याकडे इतर जागा भरपूर आहेत. आणि कोणाच्या घरी दुसऱ्या महायुद्धातले मराठा पलटणीचे पणजोबा असतील तर त्या डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. ब्रह्मदेशाच्या डब्ल्यूओ १७२ या मालिकेत, इटलीच्या वेगळ्या मालिकेत. तिथे यादी मागावी लागत नाही, नेटवर आहे. बोलण्यासारखं काही उरत नाही यावर.

दगडात माझ्या मते माणसांची नावं कोरा. ती पेन्शनच्या कागदात पक्की मिळतात. आकडा फारच हवा असेल तर थोडं थांबा. तुम्ही टाकलेल्या फोटोत आजोबांच्या मागे जो रणगाडा आहे, त्याच्या पुढच्या पत्र्यावर पांढरे आकडे दिसतायत. मोबाइलवर ते फुटतात. मूळ फोटो भिंगाखाली धरा, नंबर वाचा आणि इथे लिहा. काकांच्या डायरीत तो आहे का, बघून सांगतो.