मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनजवळ ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो ६०० मिमी लेन्सनेही धूसर येतात. काय चुकतंय?

लेन्स बहुधा ठीक आहे. ऊन चढलं की चिखलावरची तापलेली हवा थरथरते, आणि दीडशे-दोनशे मीटरवरचा पक्षी त्या हवेतूनच टिपला जातो. शटरचा वेग कितीही वाढवा, फरक पडत नाही. मुख्य इलाज म्हणजे अंतर कमी करणं. तेही आपण चिखलात उतरून नव्हे (थवा उठतो, पाय रुततो). भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि सकाळी भरती चढत असेल असा दिवस निवडा. पाणी चढेल तसे पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण ओहोटीला ते दूर पांगलेले असतात.

पक्षी उडताना शटरचा वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवा, चरताना १/८०० पुरे. पिसं पांढरीफटक होत असतील तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करणारी सेटिंग) -०.७ करा.

पक्ष्यांच्या नोंदीत ‘फ्लेमिंगो, खूप’ लिहू नका. पन्नासाचा एक गठ्ठा नीट मोजा, तसे किती गठ्ठे बसतात ते पाहून अंदाज मांडा. वेळ आणि भरतीची स्थितीही लिहा. जात चोचीवरून ठरवा: छोट्या रोहितची (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) गडद किरमिजी, लांबून काळीच दिसते, मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. राखाडी पिल्लं वेगळी मोजा.