कोल्हापुरात ५०० फुटांच्या आतला फ्लॅट, स्वतः राहतोय, तरी घरफाळा (मालमत्ता कर) का येतोय आणि तो कमी होतो का?

तुमचा प्रश्न असा दिसतोय की साने गुरुजी वसाहतीजवळ जुना वन बीएचके तुमच्या एकट्याच्या नावावर घेतलाय, कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ४८० फूट, बिल अजून आधीच्या मालकाच्या नावानं येतंय, मुंबईतला चुलतभाऊ म्हणतोय आम्हाला शून्य बिल मग तुम्ही कशाला भरताय, आणि वडील माजी सैनिक आहेत, शिरोळ तालुक्यात गावी त्यांच्या नावावर घर आहे, तर त्यांच्यामुळं काही सूट बसते का. मी आमच्या अपार्टमेंटचे कागद बरीच वर्षं सांभाळतोय, त्यामुळं घरफाळ्याच्या खिडकीवर येणंजाणं असतंय आणि आजूबाजूच्या लोकांची बिलंही बघायला येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईचं आधी संपवूया, कारण निम्मा गोंधळ तिथनंच सुरू होतोय. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, ते खरं आहे, भाऊ खोटं सांगत नाही. पण मुंबई महापालिका चालते १८८८ च्या तिच्या स्वतःच्या कायद्यावर आणि ती माफी त्याच हद्दीपुरती आहे. आपली कोल्हापूर महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली येते. त्यामुळं "माझं घर ५०० फुटांच्या आत आहे" म्हणून खिडकीवर कितीही वाद घातला तरी समोरच्या माणसाच्या हातात काहीच नसतंय, ते मंत्रालयातनं व्हायला लागतंय. मला मनापासून वाटतंय की ही माफी बाकीच्या शहरांतल्या लहान घरांनाही मिळायला पाहिजे, शिरोली एमआयडीसीत आठ तास मशीनवर उभा राहणारा माणूस मुंबईतल्या कामगारापेक्षा कमी राबत नाही. पण आज कायदा जसा आहे तसं बिल भरायला लागतंय.

पुण्याचंही लोक असंच सांगतात. तिथं स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे, १९७० पासूनची, मधे काही वर्षं ती बंद पडली आणि २०२३ मध्ये परत सुरू झाली. ती पुणे महापालिकेची, आणि तिथंही काही लोकांना पीटी-३ नावाचा फॉर्म भरून, आपण स्वतः राहतोय याचा पुरावा जोडूनच ती घ्यायला लागली. हे सांगायचं कारण एवढंच की सवलत कुठलीही असो, घरफाळ्यात ती अर्ज आणि कागद दिल्यावर बसते. आपण गप्प घरी बसलो तर रजिस्टरला जी नोंद आहे तीच पुढं चालू राहते.

म्हणून माझा सल्ला, माफी शोधायच्या आधी नोंद तपासा. तुमच्यासारख्या जुना फ्लॅट घेतलेल्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा नोंदीतल्या फरकात अडकलेले असतात आणि तिकडं कुणी बघतच नाही, सगळ्यांचं लक्ष खालच्या एकूण रकमेवर.

बिल हातात घ्या आणि ओळ न ओळ वाचा. आपल्याकडं आकारणी भांडवली मूल्यावर होते, म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला जागेचा) दर, गुणिले क्षेत्रफळ, आणि त्याला वापर कसला, बांधकाम कुठल्या प्रकारचं, इमारत किती जुनी अशा गोष्टींचे भारांक (मूल्य कमी-जास्त करणारे गुणक) लावून मूल्य काढायचं आणि त्यावर कराचा टक्का. टक्का महापालिका ठरवते, दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत पुढच्या वर्षाचे दर ठरवायचे असं कायद्यात आहे. रेडी रेकनरचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर कुणालाही बघता येतो. या दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. पण क्षेत्रफळ, वापर आणि इमारतीचं वय ही तुमच्या घराची माहिती आहे, ती चुकीची नोंदली असेल तर ती दुरुस्त करून मागायचा हक्क तुमचाच आहे.

त्यासाठी असेसमेंट उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या तुमच्या घराच्या नोंदीची प्रत, काढायचा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, यातलं तुमचा भाग ज्या विभागीय कार्यालयात येतोय तिथं अर्ज करायचा, सोबत बिलाची झेरॉक्स आणि इंडेक्स टू ची (दस्त नोंदणीच्या गोषवाऱ्याची) झेरॉक्स. उताऱ्यावर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतंय हे लक्षात ठेवा, तुमचे ४८० फूट म्हणजे ४४.६ चौरस मीटर कार्पेट. आता गंमत बघा नाही तर घोळ बघा, बिल्डरच्या करारात बऱ्याचदा सुपर बिल्टअप लिहिलेलं असतंय, ज्यात जिना, पार्किंग, टेरेसचा हिस्सा सगळं धरलेलं, आणि तोच आकडा पुढं सगळीकडं फिरत राहतो. समजा तुमचं बांधीव क्षेत्र (भिंतींसकट) ५३ चौरस मीटर आहे आणि उताऱ्यावर ६० पडलेत, तर तेरा टक्के जास्त कर, आणि तो एकदा नव्हे, दरवर्षी, कुणी हटकेपर्यंत. मंजूर नकाशा आणि अपार्टमेंटचं घोषणापत्र काढून त्यातला तुमच्या फ्लॅटचा आकडा जुळवा, आणि जुळवताना कार्पेटशी कार्पेट, बांधीवशी बांधीव असंच जुळवा, नाहीतर उगाच वाद वाढतोय.

आता वापराचं. आमच्या तळमजल्यावर एक कुटुंब राहायला आलं, त्यांचं बिल वरच्या तेवढ्याच फ्लॅटच्या दुपटीच्या वर. काकू बिल घेऊन वर आल्या, म्हणाल्या बघा हो जरा, आम्ही तर दोघंच राहतोय. मी बिल बघितलं तर त्यात रोजगार हमी कराची ओळ होती. तिथंच कळलं. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे महापालिकेचे नव्हेत, राज्य सरकारचे आहेत, १९६२ च्या कायद्याचे, महापालिका फक्त गोळा करून देते, आणि त्यातला रोजगार हमी कर राहत्या घराला लागतच नाही, तो बिगरनिवासी जागेलाच. म्हणजे राहत्या घराच्या बिलात ही ओळ दिसली की समजायचं, रजिस्टरला आपलं घर दुकान नाहीतर ऑफिस म्हणून पडलंय. उतारा काढला तर तसंच, आधीच्या मालकाचे तिथं ट्यूशन क्लास होते, क्लास बंद झाले पण ते कुणी कळवलंच नव्हतं. मग अर्ज केला, सोबत घरगुती दराचं लाईट बिल, रेशन कार्ड, अपार्टमेंटचं पत्र. एक दिवस कर्मचारी आले, स्वयंपाकघर बघितलं, बेडरूममधला पलंग बघितला, टेप लावून हॉलची लांबी-रुंदी घेतली, कागदावर पेन्सिलनं चौकोन काढून आकडे लिहिले, काकूंची सही घेतली. पुढच्या बिलाला वापर निवासी झाला आणि ती ओळ गेली. मागच्या वर्षांचं मात्र जे भरलं ते भरलंच. तुमच्या बिलात ही ओळ आहे का ते आजच बघा, त्याला कुठं जायलाही लागत नाही.

उलट बाजूही सांगतो, घर भाड्यानं दिलं, पुढच्या खोलीत पार्लर काढलं, वर पत्र्याची खोली टाकली तर तेही कळवायचं असतंय. परवानगीशिवाय बांधकाम असेल तर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती (दंड) लावायची तरतूद कायद्यात आहे, आणि ती शास्ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, लोकांचा इथं फार मोठा गैरसमज आहे. पेठेतली जुनी घरं पाडून अपार्टमेंट बांधतात तेव्हाही तसंच, घर पाडलं हे लेखी कळवलं नाही तर पाडलेल्या घराचा फाळा चालूच राहतोय.

नावाचं. खरेदीदस्त झाला म्हणजे घरफाळ्याला नाव आपोआप लागलं असं धरून चालू नका. हस्तांतर झाल्यावर तीन महिन्यांच्या आत लेखी सूचना द्यायची असं नियमात आहे, आणि ती जाईपर्यंत आधीचा मालक कराला जबाबदार राहतोय. त्यामुळं खरं तर विकणाऱ्यालाच घाई पाहिजे. पण तुम्ही म्हणाल मग माझं काय जातंय, तर कराची थकबाकी हा मिळकतीवरचा बोजा असतो, आधीच्या माणसानं चार वर्षं भरलं नसेल तर जप्तीची नोटीस तुमच्याच दाराला लागणार. फ्लॅट घेताना थकबाकी नसल्याचा दाखला मागितला असेल तर उत्तम, नसेल तर आत्ता तरी मागचं सगळं काढून बघा. थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षाला २४, एवढं व्याज तर बँकेच्या गृहकर्जालाही नसतंय. नाव लावायला दस्त, इंडेक्स टू, चालू बिलाची पावती आणि सोसायटी किंवा अपार्टमेंटचं पत्र द्या, आणि अर्जाची पोच तारखेसकट घ्या. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, नोंद हस्तांतर, उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा त्यात ठराविक मुदतीत द्यायच्या आहेत, पण मुदत मोजायची तर पोच पाहिजे.

आणि घरफाळ्याला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही बरं का. तो कर कुणाकडनं घ्यायचा याची नोंद आहे. मालकी ठरते दस्तावर आणि मिळकत पत्रिकेवर, ते नगर भूमापनचं खातं वेगळं. भावाभावांच्या वाटणीत लोक घरफाळ्याची पावती दाखवून भांडतात, कोर्टात ती एकटी टिकत नाही.

समजा सुधारणा करून मागितली आणि उलटं मूल्य वाढवल्याची नोटीस आली, तर ती नोटीस ड्रॉवरमध्ये टाकू नका. पहिल्यांदा आकारणी करताना किंवा वाढवताना विशेष नोटीस द्यायलाच लागते आणि हरकत कधीपर्यंत घेणार ते तिच्यावरच लिहिलेलं असतंय, ती मुदत दिवसांत असते, महिन्यांत नाही. हरकत लेखी द्यायची, एका पानात, "कर फार जास्त आहे" असं लिहून भागत नाही, "उताऱ्यावर ६० आहे, मंजूर नकाशात ५३ आहे, नकाशा सोबत" असं लिहायचं. मग सुनावणी लागते. तिथंही पटलं नाही तर १९४९ च्या अधिनियमातल्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडं अपील आहे, पण त्याची मुदत १५ दिवसांची, आणि मागणी केलेली रक्कम आधी भरायला लागते. वन बीएचकेसाठी मी तरी कुणाला तिथपर्यंत जायला सांगणार नाही, सुनावणीतच कागद नीट मांडले तर बहुतेक काम होतंय. आणि हरकत चालू आहे म्हणून बिल भरायचं थांबवू नका, "हरकत कायम ठेवून भरणा" असं पत्र देऊन भरा, नाहीतर तुम्ही बरोबर असलात तरी दोन टक्के चढत राहतात.

आता वडिलांचं. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना मालमत्ता कर माफीची राज्य सरकारची योजना २०२० मध्ये आली, महापालिकेतही आहे आणि ग्रामपंचायतीतही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि माफी एकाच मालमत्तेला. तुम्ही लिहिलंय फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, तर मग या फ्लॅटला ती बसणार नाही. ती बसावी म्हणून फ्लॅट वडिलांच्या नावावर करायचा विचार असेल तर करू नका, बक्षीसपत्राचा मुद्रांक, नोंदणी, वकील, आणि पुढं परत बहीणभावांच्या वारसाची नोंद, हा खर्च आणि ताप कित्येक वर्षांच्या घरफाळ्यापेक्षा जास्त होतोय. पण शिरोळ तालुक्यात गावी त्यांच्या नावावर घर आहे असं तुम्ही लिहिलंय ना, तिथं अर्ज केलाय का? ग्रामपंचायतीतनं नमुना ८ चा (तिथल्या घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा काढा, त्यावर वडिलांचंच नाव आहे का बघा, आजोबांचं असेल तर आधी वारस नोंद करून घ्या, आणि प्रमाणपत्र, डिस्चार्ज बुक, आधार जोडून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज द्या. ज्या माणसानं अर्धं आयुष्य सीमेवर काढलं त्याला सरकारनं दिलेली सूट फक्त एका अर्जासाठी अडून राहू नये, म्हणून हे काम नावाच्या कामाच्याही आधी करा.

उतारा मिळाला की त्यातलं क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचं वर्ष इथं खाली लिहा, नाव आणि मिळकत क्रमांक लिहू नका, बघून सांगतो कुठं फरक वाटतोय ते.