‘प्लॅनर’ शोधून नोकरी मिळत नाही तेव्हा

“मॅडम, मी धड ना इकडची ना तिकडची,” नोकरीबद्दल सल्ला घ्यायला माझ्यासमोर बसल्यावर तिचं पहिलं वाक्य हे होतं. वय २८. भूगोलात पदव्युत्तर पदवी, प्रबंध एका नदीखोऱ्यातल्या बदलत्या जमीनवापरावर. पुढे घरची गरज म्हणून एका वितरण कंपनीच्या गोदामात साठ्याचा हिशेब सांभाळायची नोकरी धरली, तिला आता अडीच वर्षं झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) “शिकले प्रादेशिक नियोजन आणि करते मोजदाद. साइटवर ‘प्लॅनर’ टाकलं की ढिगाने जाहिराती येतात. सात महिन्यांत ९४ अर्ज केले, तीन फोन आले. माझ्यात नेमकं काय कमी आहे?”

नियोजनाच्या नोकऱ्या शोधणाऱ्यांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. अशा वेळी बहुतेक जण सीव्ही उघडून बसतात. तिच्याबाबतीत आधी बघायचे होते ते ९४ अर्ज. पुढच्या भेटीला तिने सगळ्या जाहिराती छापून आणल्या आणि आम्ही त्यांचे टेबलावर गठ्ठे लावले.

जमीनवापर आणि नगर नियोजनाच्या २२ निघाल्या. कारखान्यातल्या उत्पादन आणि कच्च्या मालाच्या नियोजनाच्या ३८. मागणी, पुरवठा, वितरण आणि वाहतुकीच्या २३. उरलेल्या ११ मध्ये समारंभाचं नियोजन, जाहिरातींच्या माध्यमांचं नियोजन, गुंतवणुकीचा सल्ला असं काय काय होतं. घाईत क्लिक झालेलं. या चारही गठ्ठ्यांना तिने एकच सीव्ही पाठवला होता.

‘प्लॅनर’ या एका शब्दाखाली किती वेगळी कामं दडलेली असतात, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणात, म्हणजे आयएससीओ-०८ मध्ये, स्वच्छ दिसतं. नगर आणि वाहतूक नियोजक तिथे २१६४ या क्रमांकाखाली येतात. धोरण आणि नियोजन व्यवस्थापक १२१३ मध्ये, परिषदा-समारंभांचे नियोजक ३३३२ मध्ये आणि उत्पादनाचं वेळापत्रक सांभाळणारे लिपिक ४३२२ मध्ये. पहिला आकडा मुख्य गट सांगतो: १ म्हणजे व्यवस्थापक, २ म्हणजे व्यावसायिक तज्ज्ञ, ३ म्हणजे तंत्रज्ञ आणि सहयोगी, ४ म्हणजे लिपिकवर्गीय काम. नाव एकच असलं तरी पायऱ्या चार आहेत. शब्दाने शोधलं की चारही पायऱ्यांवरच्या जाहिराती एकाच रांगेत येऊन पडतात.

मग एकेक गठ्ठा घेतला. जमीनवापराच्या २२ पैकी १७ जाहिरातींत मान्यताप्राप्त नियोजन पदवी किंवा व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व अनिवार्य होतं. या क्षेत्रात हे सर्वत्र कमीअधिक असतंच. ब्रिटनमध्ये १९१४ मध्ये स्थापन झालेल्या आरटीपीआय या नगर नियोजकांच्या संस्थेचं सदस्यत्व मागतात, अमेरिकेत नियोजकांसाठीच्या एआयसीपी प्रमाणपत्राला वजन असतं. भूगोलाची पदवी कितीही चांगल्या गुणांची असो, अशा ठिकाणी अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो आणि आतला मजकूर कोणी वाचत नाही. म्हणजे तिच्या मनाला सर्वात जास्त लागलेले ते १७ नकार तिच्याबद्दल काहीच सांगत नव्हते. तिला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. कारखान्याच्या ३८ जाहिरातींचं उत्तर त्याहून छोटं: बिल ऑफ मटेरिअल (एक वस्तू बनवायला लागणाऱ्या मालाची यादी), यंत्रांची क्षमता, कामाचा क्रम यांतलं काहीही तिने हाताळलेलं नव्हतं. तो गठ्ठा बाजूला ठेवला.

उरल्या २३ आणि जमीनवापरातल्या ५. इथून खरं काम सुरू झालं.

कुठलीही जाहिरात वाचताना पदाचं नाव झाकायचं आणि चार गोष्टी शोधायच्या, असं मी तिला सांगितलं. या माणसाला काय ठरवायचं आहे? किती पुढचं ठरवायचं आहे? कोणत्या माहितीवरून? आणि निर्णय चुकला तर ते कधी आणि कोणाला कळतं? यातला दुसरा प्रश्न सर्वात जास्त उपयोगी पडतो. प्रादेशिक आराखडा साधारण १५ ते २० वर्षं पुढचं पाहतो. वाहतुकीच्या गणिती प्रारूपांची लक्ष्यवर्षंही, म्हणजे ज्या वर्षाचा अंदाज बांधायचा ती वर्षं, साधारण तितकीच लांब असतात. विक्री आणि उत्पादन यांचा मेळ घालणारी एस अँड ओपी प्रक्रिया दर महिन्याला होते आणि १८ ते २४ महिने पुढचं बघते. खालच्या उत्पादन-वेळापत्रकाची नजर काही आठवड्यांची आणि रोजच्या कामांचा क्रम लावणाऱ्या शेड्युलरची तर एका पाळीची. जो माणूस वीस वर्षांच्या नकाशात रमतो, त्याला रोज दुपारी बदलणारं वेळापत्रक छळतं. उलटही होतं. ज्याला आज घेतलेल्या निर्णयाचं फळ शुक्रवारपर्यंत दिसायला हवं, त्याला वर्षानुवर्षं हरकती-सूचनांत फिरणारा आराखडा खायला उठतो. ही स्वभावाची बाब पदवीच्या आधी तपासावी.

तिचं उत्तर मधलं निघालं. तिला नकाशा हवा होता, पण निकाल वर्षभरात दिसायला हवा होता.

“मग मी गोदामात करते ते नियोजन आहे का?” तिने विचारलं. तिच्या रोजच्या कामातून एक उदाहरण घेतलं. एका वस्तूची आठवड्याची सरासरी मागणी २०० नग, मागणीतल्या चढउताराचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून आकडे किती दूर पसरतात त्याचं माप) ४०, माल यायला ४ आठवडे. मागवलेला माल येईपर्यंत साठा संपू नये याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, १.६५ × ४० × √४, म्हणजे १३२ नग (१.६५ हा ९५ टक्के खात्रीसाठीचा गुणक). चार आठवड्यांची मागणी ८०० धरली की ९३२ वर साठा आला की ऑर्डर सोडायची. पुस्तकातलं गणित इथे थांबतं. ती म्हणाली, “पण आमचा पुरवठादार कधी तीन आठवड्यांत देतो, कधी पाचात. म्हणून आम्हाला जास्तच ठेवावं लागतं.” बरोबर. पुरवठ्याच्या कालावधीचं डेव्हिएशन १ आठवडा धरलं, तर वर्गमुळाखाली ४ × ४०² आणि २००² × १² यांची बेरीज येते. उत्तर साधारण २१५, त्याला १.६५ ने गुणलं की ३५५ नग. १३२ आणि ३५५ यांतला फरक म्हणजेच तिच्या गोदामातली रोजची डोकेदुखी, आणि ती अडीच वर्षं अंदाजाने ती निभावत होती. या कामाला बाजारात इन्व्हेंटरी प्लॅनर, रिप्लेनिशमेंट अॅनालिस्ट, सप्लाय प्लॅनर अशी नावं आहेत. तिने एकदाही या नावांनी शोध घेतला नव्हता.

इथे नवशिके एक चूक हमखास करतात. डेव्हिएशन महिन्याचं घेतात आणि कालावधी आठवड्यांत धरतात. आकडा दिसतो छान, पण साफ चुकलेला असतो. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो हेच विचारतो.

नकाशाचा धागा मात्र अजून सुटा होता. तिला विचारलं, “भूगोलात वेबर शिकलात ना?” आल्फ्रेड वेबरचा १९०९ चा उद्योग-स्थान सिद्धांत तिला पाठ होता: कच्चा माल, बाजारपेठ आणि वाहतूक खर्च यांच्या ओढाताणीत कारखान्याची जागा ठरते. त्याआधी १८२६ मध्ये फॉन थ्यूनेनने बाजारापासूनच्या अंतरावरून शेतजमिनीच्या वापराची वर्तुळं मांडली होती. गोदाम कुठे उभारायचं, किती गोदामं हवीत, कोणता भाग कोणाकडून पुरवायचा, हा पुरवठा साखळीतल्या नेटवर्क डिझाइनचा प्रश्न त्याच कुळातला आहे. परीक्षेपुरतं घोकलेलं प्रकरण प्रत्यक्षात कोणाच्या तरी पगाराचं काम असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या दोन ‘इकडच्या-तिकडच्या’ बाजू नेमक्या इथे मिळतात. शोधायची नावं बदलली: नेटवर्क अॅनालिस्ट, वितरण नियोजन, लोकेशन अॅनालिस्ट, मालवाहतूक नियोजन, आणि जमीनवापराच्या बाजूने जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांची माहिती) अॅनालिस्ट.

नुसती नावं कळून भागत नाही. ज्या पदाचा शिक्का आपल्याकडे नाही, तिथे कामाचा नमुना लागतो. आम्ही सहा आठवड्यांची मुदत ठरवली. नमुना दोनच पानांचा: एक तक्ता, एक नकाशा. कंपनीचा डेटा वापरायचा नाही, हे आधीच बजावलं. मालकाचे आकडे नाव पुसून दाखवणारा उमेदवार नव्या मालकाला उद्या आपलेही दाखवेल असंच वाटतं. ४० काल्पनिक ग्राहक-बिंदू, प्रत्येकाची आठवड्याची टनांत मागणी, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे खरे रस्ते आणि क्यूजीआयएस हे मोफत मिळणारं नकाशांचं सॉफ्टवेअर, एवढं पुरलं.

पहिला मसुदा तीन ठिकाणी घसरला, आणि तिन्ही चुका जवळपास प्रत्येकाच्या होतात. अक्षांश-रेखांशातच अंतरं मोजली होती. बिंदूभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे पट्टा, द्यायला गेली, तर एकक अंश असल्यामुळे सॉफ्टवेअरने ५०० अंशांचा बफर काढला आणि नकाशाच गिळला. आधी नकाशातला माहितीचा थर मीटरमधल्या प्रक्षेपणात, म्हणजे पृथ्वी सपाट कागदावर मांडणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या त्या भागाच्या पट्ट्यात, आणायला हवा होता. दुसरी चूक वजनाची: मागणी म्हणून ऑर्डरींची संख्या धरली होती, त्यामुळे रोज किरकोळ पाकिटं मागवणारा ग्राहक आठवड्याला ट्रकभर माल उचलणाऱ्यावर भारी पडला. वाहतुकीचा खर्च ठरवायचा तर टन धरले पाहिजेत. तिसरी चूक सूक्ष्म होती. सर्व बिंदूंची भारित सरासरी (जास्त मागणीच्या बिंदूला जास्त वजन देऊन) काढून तिने “इथे एकूण अंतर सर्वात कमी” असं लिहिलं. ते खरं नाही. भारित सरासरी अंतराच्या वर्गांची बेरीज कमी करते, अंतरांची नव्हे. अंतरांची बेरीज कमी करणारा बिंदू टप्प्याटप्प्याने सुधारत काढावा लागतो. १९३७ मध्ये गणिती वाइसफेल्डने दिलेली पद्धत त्यासाठी आजही वापरतात. शिवाय रस्ता सरळ रेषेत जात नाही. डोंगर-नदी नसलेल्या भागातही रस्त्याचं अंतर साधारण १.२ ते १.४ पट भरतं. म्हणून सरासरीचा बिंदू फक्त सुरुवात समजायचा, त्याच्या आसपास तीन शक्य जागा घ्यायच्या आणि प्रत्येकीपासूनची रस्त्याची अंतरं मोजायची.

मग तिचं मूळ शिक्षण कामाला आलं. तीनपैकी एक जागा पुराच्या पट्ट्यात होती, दुसरीचा उतार मोठ्या गोदामाच्या फरशीला न परवडणारा होता. पुरवठा साखळीतून आलेला माणूस हे थर बऱ्याचदा जागेचा सौदा झाल्यावर पाहतो. तिने ते आधी घातले. शेवटच्या ओळीत निष्कर्षाला एक अट जोडली: पूर्वेकडची मागणी किती वाढली तर उत्तर बदलेल. निष्कर्ष कुठे मोडतो हे सांगणारा उमेदवार कमी दिसतो, आणि वाचणाऱ्याचे डोळे तिथेच थांबतात.

सीव्हीत फार फेरफार केले नाहीत. ‘साठा व्यवस्थापनाचं ज्ञान’ ही ओळ गेली. त्याजागी किती वस्तू, किती पुरवठादार, कोणत्या वस्तूंची तूट कशामुळे होत होती आणि ऑर्डरची पातळी बदलल्यावर काय झालं, असं चार ओळींत आलं. प्रबंधाचं नाव खाली सरकलं आणि त्यात वापरलेली साधनं वर आली. प्रमाणपत्राबद्दल तिने विचारलं होतंच. १९५७ मध्ये सुरू झालेल्या एपिक्सचा, म्हणजे आता एएससीएम नावाने चालणाऱ्या पुरवठा साखळीतल्या व्यावसायिक संस्थेचा, सीपीआयएम हा साठा आणि उत्पादन नियोजनातला ओळखीचा अभ्यासक्रम आहे. पण पैसे भरण्याआधी आपल्याला हव्या तशा २० जाहिराती घ्या आणि किती ठिकाणी तो मागितलाय ते मोजा, एवढंच मी म्हटलं. तिच्या २० मध्ये तो चार ठिकाणी होता. तिने थांबायचं ठरवलं.

कुठे शोधायचं, याबद्दल एक गोष्ट फारच कमी लोक करतात. जाहिरात येण्याआधी काम येतं. एखाद्या प्रदेशाच्या आराखड्याचं किंवा वाहतूक अभ्यासाचं कंत्राट ज्या सल्लागार संस्थेला मिळालं, तिला लवकरच सर्वेक्षण आणि नकाशांसाठी माणसं लागतात. कंत्राट कोणाला मिळालं हे बहुधा जाहीर असतं. पुरवठा साखळीत नवं वितरण केंद्र किंवा नवी ईआरपी प्रणाली (कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू होणं हा तसाच इशारा. नवी प्रणाली सुरू होताना वस्तूंची माहिती, कालावधी, किमान साठे तपासणारी माणसं कमी पडतात. अशा १२ ठिकाणी तिने नमुन्यासह थेट लिहिलं.

मुलाखतीत आपणही विचारायचं असतं. ‘प्लॅनर’ म्हणून घेऊन दिवसभर पुरवठादारांना फोन करायला बसवणं ही या क्षेत्रातली नेहमीची फसगत आहे. ती ओळखायला तिला तीन प्रश्न दिले. एका प्लॅनरकडे किती वस्तू असतात? प्रणालीतल्या तारखा कोण बदलू शकतं? वेळापत्रक किती दिवसांसाठी गोठवलेलं, म्हणजे बदल न करता येणारं, असतं? उत्तरं “मोजलं नाही”, “सगळेच” आणि “गोठवत नाही” अशी आली, तर तिथे नियोजन होत नाही, धावपळ होते. जमीनवापराच्या पदासाठी एकच प्रश्न पुरतो: इथे आराखडा करायचा आहे की आलेल्या परवानग्या तपासायच्या आहेत? दोन्ही कामं प्रामाणिक आहेत, पण दिवस अगदी वेगळे जातात.

बारांपैकी चौघांनी उत्तर दिलं, दोघांनी बोलावलं. एका ठिकाणी तिला विचारलं, “दोन जागांच्या खर्चात ३ टक्क्यांचाच फरक असेल तर?” ती म्हणाली, “मागणीच्या अंदाजातली चूकच त्याहून मोठी असते. मग मी खर्च सोडून जमिनीची परवानगी आणि रस्त्याची खात्री बघेन.” तिथे ती वितरण-जाळ्याची विश्लेषक म्हणून रुजू झाली, सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर. प्रस्तावित जागांचा जमीनवापर तपासणं हा त्या कामाचाच भाग आहे. नियोजनाची पदवी घ्यायची इच्छा तिने सोडलेली नाही. परिवीक्षा संपल्यावरच्या भेटीत ती त्या १७ जाहिराती पुन्हा घेऊन येणार आहे, आणि मग दोन वर्षांच्या शिक्षणाचा हिशेब आम्ही मांडू.