घर त्यांचे, मग तुमचे काय?

पत्र : माझा मुलगा चोवीस वर्षांचा असून पणजीत नोकरी करतो. त्याने केस वाढवले आहेत, नाकात चमकी घालतो, नखे रंगवतो. घरात आम्ही हे चालवून घेत होतो. आमच्या गणपतीची माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, दरवर्षी तोच बांधतो. गेल्या चवथीला मात्र डोळ्यांत काजळ घालून त्याने वाड्यावरच्या बायकांबरोबर फुगडी घातली आणि ते यजमानांना फार लागले. ‘केस कापून, चमकी काढून येणार असेल तरच यंदा ये,’ असे त्याला कळवायला त्यांनी मला बजावले आहे. घर शेवटी त्यांचे, मी काय बोलणार? मुलाला न दुखावता हे कसे सांगू? तो ‘तसा’ असेल का? डॉक्टरांना दाखवावे का?
— एक आई, डिचोली तालुका

ताई,

तुम्ही तीन गोष्टींचा सल्ला मागितला आहे. मी अडले ते चौथ्या ठिकाणी, जिथे उत्तर ठरलेलेच आहे असे समजून तुम्ही पुढे निघून गेलात. घर शेवटी त्यांचे, असे तुम्ही लिहिता. कोणी सांगितले तुम्हाला?

तुमचे लग्न गोव्यात नोंदलेले असेल आणि लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केलेला नसेल (आपल्याकडे तो सहसा कोणी करीत नाही), तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आपल्या कायद्याप्रमाणे विवाहाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र होते आणि तिच्यात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. यजमानांना त्यांच्या वडिलांकडून घराचा जो हिस्सा आला असेल, तोही सर्वसाधारणपणे या एकत्र मालमत्तेत येतो. गोव्यात जमीन विकताना विक्रीखतावर बायकोची सही लागते ती याच कारणाने. तुम्हीही अशी एखादी सही कधीतरी केली असेल, ‘इथे करा’ म्हणून कोणी बोट ठेवले त्या जागी. त्याच संहितेने सामायिक मालमत्तेचा कारभार मात्र नवऱ्याच्या हाती ठेवला आणि घरोघरी कारभार पाहणाराच मालक समजला जाऊ लागला. उद्या यजमान मुलाला मालमत्तेतून वगळण्याची भाषा करू लागले, तर हेही ठाऊक असू द्या की त्यांना मृत्युपत्राने आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मनासारखा देता येतो. उरलेला मुलांसाठी राखीव असतो आणि कायद्यात दिलेल्या ठरावीक गंभीर कारणांवाचून तो हिरावता येत नाही. त्या कारणांत चमकी नाही.

तुम्ही नोटरीकडे धाव घ्यावी म्हणून मी हे सांगत नाही. ज्या घरात मुलाला येऊ द्यायचे की नाही हे ठरते आहे, त्या घरात स्वतःचा शब्द तुम्ही धरलेलाच नाही आणि म्हणून निरोप पोहोचवण्याचे काम बिनतक्रार स्वीकारले, याचा मला राग आला आहे. असा निरोप न दुखावता देता येत नाही. मुलाने दुखावले जावे आणि केस कापून यावे, यासाठीच तो धाडला जातो आहे, आणि आईच्या तोंडून गेला की तो अधिक लागतो, हे यजमान जाणून असणार.

आता त्या गेल्या चवथीकडे नीट पाहा. रंगवलेल्या नखांची तीच बोटे केवणीच्या दोराने आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस माटोळीला बांधत होती, तेव्हा यजमान खाली उभे राहून बहुधा एकेक वस्तू हातात देत असतील. तेव्हा त्यांना ती नखे दिसली नाहीत का? दिसली असणारच, पण माटोळी बांधणे हे पुरुषाचे काम, म्हणून ती खपून गेली. मुलगा बायकांच्या फेरात जाऊन उभा राहिला, तेही वाड्यावरच्या लोकांदेखत, तेव्हा त्यांची मान खाली गेली. तुम्ही घातलेली फुगडी गणपतीची सेवा होते आणि तीच मुलाने घातली की घराण्याची अब्रू जाते, याचा अर्थ तुम्ही कधी स्वतःला लावून पाहिला आहे का? बाईसारखे वागणे हा पुरुषाचा अपमान ठरतो तो बाईची पायरी खालची मानलेली असते म्हणून. यजमान मुलावर संतापले आहेत हे खरे, परंतु त्या संतापात तुमचीही किंमत ठरवलेली आहे आणि ती तुम्ही मुकाट्याने मान्य केली आहे.

पुरुषाने स्त्रीवेष घेणे आपल्या मुलखाला काही नवे नाही. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी स्त्रीभूमिका केल्या आणि त्यांचा आपल्याला आजही अभिमान आहे. पेडण्याकडे दशावतारात राणी होऊन येणारा पुरुष लोक रात्र-रात्र जागून पाहतात. ते सारे आपण सोसतो, कारण पहाटे तो रंग पुसतो आणि पुरुष होऊन घरी जातो. तुमचा मुलगा रंग पुसायला तयार नाही, एवढाच फरक आहे. त्याला अंगणात, घरच्या माणसांत, दिवसाउजेडी असेच राहायचे आहे.

तुमच्या उरलेल्या दोन प्रश्नांना मी फार जागा देणार नाही. चमकीवरून आणि नखांवरून माणूस कोणावर प्रेम करतो हे कळत नाही; तो ‘तसा’ असला तरी ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून त्याचे प्रेम गुन्हा नाही; आणि स्वतःला स्त्री म्हणायचे, पुरुष म्हणायचे की आणखी काही, हे ज्याचे त्याने सांगायचे असते, हे त्याच न्यायालयाने २०१४ साली मान्य केले आहे. त्याने काही वेगळे सांगेपर्यंत मी तुमच्याच शब्दाने त्याला मुलगा म्हणते आहे. डॉक्टरांकडे नेण्याजोगे तुम्ही काहीच लिहिलेले नाही. कोणी ‘सरळ करून देतो’ म्हणाला, तर अशा उपचाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, हे त्याला ऐकवा आणि उठून या.

तेव्हा निरोप देऊ नका. आज रात्री मुलाला फोन करा आणि हरतालिकेला सकाळीच ये, माटोळी बांधायची आहे, एवढे सांगा. केसांचा, चमकीचा विषयही काढू नका. फोन ठेवल्यावर यजमानांना सांगा, ‘मी त्याला बोलावले आहे, आणि तो आहे तसा येणार आहे.’ ते आवाज चढवतील, चढवू द्या. घर कोणाचे असे विचारतील, तेव्हा मघाची सही आठवा आणि ‘दोघांचे’ म्हणा. चवथीच्या दिवशी पानावर बसणार नाही म्हणाले, तर विनवण्या करीत बसू नका. पान वाढून ठेवा, भूक लागली की जेवतील.