ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीत दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स बसतो का?
बसवता येतो, पण इंजिनला जोडणं हा त्यातला सोपा भाग. बेलहाउसिंगची (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडला जाणारा घंटेसारखा भाग) भोकं जुळली नाहीत तर अडॅप्टर प्लेट बनवून घेता येते. क्लच प्लेट मात्र नव्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद आत घेणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइनला, म्हणजे खाचांना, बसणारी हवी.

खरी गोची पुढच्या चाकांची. उदाहरणार्थ, जपानी सुबारू गाड्यांत पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) गिअरबॉक्सच्याच केसिंगमध्ये असतं. तिथे साधा रिअर-व्हील-ड्राइव्हचा (फक्त मागची चाकं चालवणारा) गिअरबॉक्स टाकला की पुढची चाकं नुसती फिरणार, ओढणार नाहीत. (काहीजण मुद्दाम तेच करतात, तो भाग वेगळा.) चारही चाकं चालवायचीच असतील तर पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं गिअर गुणोत्तर आधी तपासा. पुढे ४.११ आणि मागे ४.४४ झालं, तर सरळ रस्त्यावरही सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं) सतत झगडत तापत राहतं.

ऑटोमॅटिक असेल तर कंट्रोल युनिटची (गिअर बदलणाऱ्या कॉम्प्युटरची) डोकेदुखी वेगळीच. मी तरी त्याच कंपनीचा दणकट गिअरबॉक्स आधी शोधेन.